फुलांविना उद्यान

गेल्या वर्षी ऐन कार्तिकात मी क्योतोच्या हेइआन जिंगू या शिंतो देवस्थानाला गेलो, तो एका कादंबरीच्या नादाने. जुनिचिरो तानिझाकी यांच्या ‘सासामेयुकी’तील बहिणी दर वसंतात क्योतोचा चेरीबहर पाहायला जातात आणि सहलीचा शेवट याच उद्यानातील झुकलेल्या फांद्यांखाली करतात. मी गेलो तेव्हा फूल एकही नव्हते.

दुसरा हिरमोड निराळाच. देवस्थान प्राचीन नाही. क्योतोच्या स्थापनेला अकराशे वर्षे झाली म्हणून १८९५ साली जुन्या राजवाड्याच्या सभागृहाची ही लहान प्रतिकृती उभारली. १९७६ च्या आगीत आतला गाभारा जळाला, तो १९७९ मध्ये पुन्हा बांधला. मग हजार-हजार वर्षांची देवळे असलेल्या नगरीत तानिझाकींनी हेच स्थळ का निवडावे?

उत्तर तळ्याकाठी मिळाले. जिहेई ओगावा या उद्यानकाराने पाण्यात पाऊल टाकण्यासाठी गोल दगड मांडले आहेत. ते सोळाव्या शतकातील पुलांच्या खांबांचे आहेत. पुलाचा भार वाहिलेले दगड आज माणसांची पावले झेलतात. येथे जुनेपण कुलपात नाही, वापरात आहे.

कादंबरीतही तेच आहे. झाडे तीच, पाहणारी माणसे मात्र एका वर्षाने मोठी. दुसरी बहीण साचिको बहराखाली उभी असताना मनात म्हणते, पुढच्या वर्षी युकिकोचे लग्न होऊन ती आपल्याबरोबर नसेल. बहिणीचे भले व्हावे आणि ती दूर जाऊ नये, या दोन इच्छांची ओढाताण लेखकाने एका सहलीत बसवली आहे. १९४३ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी या कादंबरीचे मासिकातील प्रकाशन थांबवले. युद्धकाळात असले घरगुती लिखाण त्यांना निरर्थक वाटले. खरे सांगायचे तर इंग्रजी अनुवाद प्रथम वाचला तेव्हा, ‘यात घडते काय?’ असे मीही कुरकुरलो होतो. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

एक तक्रार मात्र आजही आहे. स्वतःच्या कष्टाने जगू पाहणाऱ्या धाकट्या ताएकोला लेखकाने दुःख पुष्कळ दिले, माया थोडी.

परंतु फराळाला जमलेली सगळी माणसे पुढच्या दिवाळीला एकत्र असतील ना, ही शंका ज्या घराला कधी चाटून गेली असेल, त्या घराला ही कादंबरी परकी वाटणार नाही.