कितव आणि सभिक

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त 'अक्षसूक्त' म्हणून प्रसिद्ध आहे. व्याख्यानांत त्याचा आशय बहुधा एका उपदेशापुरता आटोपता घेतला जातो : फासे टाकून दे, शेती कर. परंतु हा उपदेश तेराव्या ऋचेत येतो आणि सूक्त चौदा ऋचांचे आहे. शेवटच्या ऋचेत कितव, म्हणजे जुगारी, फाशांनाच विनवितो की, आमच्याशी सख्य करा, राग आवरा, आणि तुमच्या पाशात आता दुसरा कोणी सापडो. एक माणूस सुटला. फासे मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांना सावज लागणारच, हे या ऋचेला ठाऊक आहे. आपल्या रसिकपरंपरेने तेरावी ऋचा पाठ केली आणि चौदावी सोडून दिली. जुगाराविषयीचा आपला सारा विचार या एका गाळलेल्या ऋचेमुळे लंगडा राहिला, असे आमचे मत आहे.

अलीकडे 'जबाबदार जुगार' हा शब्दप्रयोग जाहिरातींच्या तळाशी बारीक अक्षरांत वाचावयास मिळतो. मर्यादा ओळखून खेळा, गमावणे परवडेल तेवढेच लावा, असा त्याचा भावार्थ. या विचाराची शास्त्रीय मांडणी २००४ साली तीन अभ्यासकांनी 'रेनो प्रारूप' या नावाने केली. खेळणाऱ्यास पुरेशी माहिती द्यावी. खेळावे की न खेळावे याचा अंतिम निर्णय त्याचाच, हे तिचे सूत्र. सूत्र वरकरणी निर्दोष दिसते. पण ज्याची निर्णयशक्तीच फाशांनी हिरावली आहे त्याच्यावरच निर्णयाचे ओझे टाकणे कितपत न्याय्य, हा प्रश्न आमच्या जुन्या ग्रंथांनीच उपस्थित करून ठेवला आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील दुसरा अंक पाहावा. संवाहक दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळतो आणि मूर्ती नसलेल्या देवळात स्वतःच मूर्ती बनून उभा राहतो. अड्डा चालविणारा सभिक माथुर व त्याचा साथीदार त्याला ओढून बाहेर काढीत नाहीत. ते तिथेच बसून डाव मांडतात. फाशांचा आवाज कानी पडताच संवाहकाचा निग्रह सुटतो आणि 'मूर्ती' आपण होऊन पुढे येते. हा प्रसंग हास्यप्रवेश म्हणून वाचण्याची रीत आहे, आणि तो हसवितोही. तथापि त्यातील निरीक्षण भेदक आहे. सावज कोणत्या नादाने बाहेर येते हे माथुराला नेमके ठाऊक आहे. ते त्याचे व्यवसायज्ञान आहे. आजची यंत्रे नाद, प्रकाश आणि थोडक्यात हुकलेल्या डावाचा आभास यांनी तेच काम करतात. उज्जयिनीचा माथुर माळव्यातील आमच्या वाचकांना तरी परका वाटू नये.

संवाहक जुगारी का झाला हेही नाटककार सांगतो. तो चारुदत्ताच्या सेवेत होता. चारुदत्त दरिद्री झाला, आश्रय तुटला आणि मग तो फाशांकडे वळला. त्याची सुटकाही उपदेशाने होत नाही. दर्दुरक माथुराच्या डोळ्यांत धूळ फेकून त्याला पळण्यास वाव देतो, वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे ऋण फेडते आणि तो भिक्षू होऊन अड्ड्याचे जगच सोडतो. पुढे हाच भिक्षू वसंतसेनेचे प्राण वाचवितो. ज्याला समाजाने निकामी ठरविले होते तो समाजाच्या उपयोगी पडला, कारण त्याला सुटण्याची वाट कोणी तरी करून दिली होती.

सभापर्वातही आमचे लक्ष धर्मराजाच्या दुर्बलतेवर इतके खिळते की सभेकडे पाहावयाचे राहून जाते. ती सभा या द्यूतासाठी मुद्दाम बांधविली होती. आमंत्रण यजमानाचे होते, आणि पण दुर्योधनाचा असताना फासे शकुनीच्या हाती होते. सर्वांत बोलके आहे ते अनुद्यूत. हरलेले सारे धृतराष्ट्राने परत दिले, आणि तरीही दुसऱ्या बोलावण्याला युधिष्ठिर पुन्हा गेला. केवळ देणे फेडून आजार बरा होत नाही. पट मांडलेला राहिला की पाऊल पुन्हा तिकडेच वळते.

धर्मशास्त्रकारांत याविषयी दोन तट होते. मनूने द्यूताला उघड चोरी म्हटले आणि राजाने ते राज्यातून हद्दपार करावे असे सांगितले. याज्ञवल्क्याने सभिकास राजाच्या संरक्षणाखाली आणले आणि राजाचा वाटा ठरविला. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून खेळ एका ठिकाणी आणला आणि जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच घेतले. बंदी की महसूल, हा वाद तेव्हापासूनचा. निव्वळ बंदीने अड्डा लपतो, हे १८८७ चा मुंबई इलाख्याचा कायदा असताना मुंबईत फोफावलेल्या मटक्याने दाखविले. निव्वळ परवान्याने राज्य स्वतःच माथुराचे भागीदार बनते.

सार्वजनिक आरोग्याची दृष्टी ही या दोहोंहून वेगळी तिसरी वाट आहे. मलेरियाच्या रुग्णास औषध द्यावेच लागते, पण डबके बुजविल्याखेरीज साथ हटत नाही, इतका साधा तिचा न्याय. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाने २०१० साली असा अंदाज मांडला की जुगारयंत्रांवरील खर्चापैकी सुमारे ४० टक्के पैसा समस्याग्रस्त खेळाडूंकडून येतो. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ साली जगभरात अशा समस्याग्रस्त किंवा विकारग्रस्त प्रौढांची संख्या सुमारे ८ कोटी असल्याचे अनुमानिले. ज्या धंद्याच्या मिळकतीचा एवढा हिस्सा आजारी माणसांकडून येतो, तो ग्राहकाने 'जबाबदार' व्हावे अशी मनापासून इच्छा कशी करील?

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. नॉर्वेने २००७ साली सर्व जुगारयंत्रे उचलली आणि पुढे आणलेल्या सरकारी यंत्रांना खेळाडूचे कार्ड व तोट्याची सक्तीची मर्यादा जोडली. ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये दुकानांतील यंत्रांवरील एका डावाची कमाल रक्कम १०० पौंडांवरून २ पौंडांवर आणली. दोन्ही ठिकाणी माणसाला उपदेश करण्यापेक्षा यंत्राला लगाम घातला. आमच्या परंपरेतही असा एक लगाम होता. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला 'द्यूतप्रतिपदा' म्हणतात. त्या दिवशी खेळास शास्त्राची संमती, म्हणजे पर्यायाने एरवी नाही. पंचांगाने घातलेले ते कुंपण होते. खिशातल्या फोनला प्रतिपदा नाही आणि अमावास्याही नाही.

आता आमच्या परिसराकडे वळू. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ व १९९६ साली दुरुस्त्या झाल्या आणि पंचतारांकित हॉटेलांत व जहाजांवर जुगारास वाट मिळाली. मांडवीच्या पात्रात कॅसिनो उभे राहिले. पुढे १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास मनाई झाली. आपल्या माणसांना जपण्याची इच्छा स्वाभाविकच आहे. परंतु या मनाईत अपाय असल्याची कबुली आहे, आणि तो अपाय पाहुण्याच्या घरी गेल्यास हरकत नाही असा अर्थही तिच्यातून निघतो. चौदावी ऋचा ती हीच : दुसरा कोणी सापडो. तो दुसरा बेळगावचा असेल, वडोदऱ्याचा असेल. त्याचे कर्ज मांडवीत राहत नाही, तो ते घरी घेऊन येतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्याचा एक विशेष आम्हांस मोलाचा वाटतो : शिक्षा खेळणाऱ्यास नाही, ती खेळ चालविणाऱ्यास, जाहिरात करणाऱ्यास आणि पैशाचा व्यवहार पुरविणाऱ्यास आहे. १८६७ च्या कायद्यात अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही दंडास पात्र होता. कायद्याची नजर कितवावरून सभिकाकडे वळली, हे बरे झाले. मात्र केवळ बंदीने उपचार उभा राहत नाही, आणि मटक्याचा धडा विसरण्याजोगा नाही.

कितवाची जबाबदारी आम्ही नाकारीत नाही. अक्षसूक्तातील कितवही ती नाकारीत नाही, तो पश्चात्तापाने जळतो आहे. पण त्याच सूक्तात आई, बाप, भाऊ म्हणतात की आम्ही याला ओळखत नाही, याला बांधून न्या. आमच्या जुन्या घराण्यांनीही हेच केले आहे. कर्ज गुपचूप फेडायचे, मुलाचे नाव घरात काढायचे नाही आणि अब्रू राखायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनजन्य विकारांत गणला आहे. तेव्हा तो मधुमेहासारखा घरात उच्चारता आला पाहिजे, वैद्याकडे नेता आला पाहिजे. आणि त्याच वेळी आमच्या सभा-संमेलनांच्या मांडवावर सभिकाच्या पैशाचा फलक लागत नाही ना, हेही आम्ही पाहिले पाहिजे.