हेल्मेटच्या आतलं व्याख्यान

गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला कधी ना कधी हे पुस्तक भेट मिळतंच. माझ्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत आणि दोन्ही भेट आलेल्या. देणाऱ्यांपैकी कुणीही ते वाचलेलं नव्हतं. "तुला गाड्या आवडतात ना, म्हणून," एवढंच कारण. रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. गंमत म्हणजे लेखक सुरुवातीलाच बजावतो, की झेनबद्दल यातून फारसं काही मिळणार नाही आणि मोटरसायकलबद्दलची माहितीही काटेकोर धरू नका. तरी पन्नास वर्षं हे पुस्तक आमच्यासारख्यांचा धर्मग्रंथ म्हणून फिरतं आहे.

1968 च्या उन्हाळ्यात पर्सिग आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, क्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला मोटरसायकलवर गेला. मोंटानापर्यंत जॉन आणि सिल्व्हिया हे मित्र दांपत्य सोबत होतं. कथनकर्ता एकेकाळी प्राध्यापक होता, त्याचं मानसिक संतुलन बिघडलं, विजेचे झटके देऊन उपचार झाले आणि आधीचा 'तो' पुसला गेला. त्या पुसल्या गेलेल्या माणसाला तो फेड्रस म्हणतो. 121 प्रकाशकांनी नाकारलेलं हस्तलिखित 1974 मध्ये छापून आलं आणि लाखांनी खपलं. 'क्वालिटी' या शब्दावरचं त्यातलं तत्त्वचिंतन, बनारस हिंदू विद्यापीठातले दिवस, ग्रीक मंडळींशी मांडलेला वाद यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझा प्रश्न लहान आहे. वस्तू विकत घेणं, ती रोज पुसणं, तिचा आवाज ऐकणं, तिच्याबद्दल दुसऱ्याला सांगत बसणं, हे जे आमचं चालतं, त्याबद्दल हे पुस्तक खरं बोलतं का?

एका ठिकाणी तर फारच खरं बोलतं. जॉनकडे नवी कोरी बीएमडब्ल्यू आर-60 आहे, अठराशे डॉलरची. तिचा हँडलबार क्लॅम्पमध्ये सैल होऊन घसरतो. कथनकर्ता म्हणतो, मध्ये पातळ पत्र्याचं पॅकिंग घाल, माझ्याकडे आहे. कुठे? हातातल्या बिअरच्या कॅनमध्ये. ॲल्युमिनियम मऊ असतं, नीट बसतं, पावसात गंजत नाही. याहून चांगलं पॅकिंग नाही. जॉनचा चेहरा उतरतो. अर्ध्या शतकाची जर्मन परंपरा असलेल्या गाडीला बिअरच्या डब्याचा तुकडा! तो विषय टाळतो आणि हँडलबार घसरतच राहतो. पुढे कथनकर्त्याला वाटतं, आपण गुपचूप तुकडा कापायला हवा होता, त्यावरची छपाई घासून काढायची आणि सांगायचं की हे खास जर्मनीहून आलेलं पॅकिंग आहे. मग जॉन त्यावर लट्टू झाला असता.

मराठी वाचक इथे हसतो, आणि जरा घाईनेच हसतो. 'इम्पोर्टेड' या शब्दापुढे आपण काय काय केलं आहे ते आपल्याला ठाऊक असतं. पण आपल्याला वाटतं की आपण कथनकर्त्याच्या बाजूचे. परवाना राजच्या काळात चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या पिढीची आपण मुलं. सुरू होत नसलेली स्कूटर डाव्या बाजूला कलती करायची, पुन्हा किक मारायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, हे सगळं वडिलांनी ऑफिसच्या पँटवर केलेलं आपण पाहिलं आहे. बिअरचा डबा नसेल, डालड्याचा असेल. तेव्हा जॉन मूर्ख आणि आम्ही शहाणे, असं वाटणं साहजिक आहे.

मला आता तसं वाटत नाही. कथनकर्त्यासाठी दुरुस्ती ही निवड आहे. त्याने घासाघीस केली नाही तरी अमेरिकेत दुसरी गाडी मिळते. आमच्याकडच्या वडिलांना निवड नव्हती. त्यांच्या त्या कौशल्याला आज आपण जो हळवा मुलामा देतो, तो त्यांना विचारून दिलेला नाही. माझ्या वडिलांनी पहिली चारचाकी घेतली तेव्हा बॉनेट उघडून दाखव म्हणताच ते म्हणाले, "कशाला? चालतेय ना?" त्या प्रश्नात जॉन पुरेपूर होता, आणि मला त्यात काहीही कमीपणा दिसत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. पर्सिगच्या जगात दोनच प्रकारची माणसं आहेत: यंत्राचं अंतरंग पाहणारी आणि फक्त रूप पाहणारी. तिसरा माणूस, म्हणजे मिस्त्री, पुस्तकात येतो तो खलनायक म्हणून. कथनकर्ता गाडी गॅरेजात देतो. तिथे रेडिओ मोठ्याने चालू, पोरं टवाळक्या करतायत, टॅपेटचं झाकण छिन्नी-हातोड्याने काढताना इंजिनच्या पात्या तोडतात. पुन्हा पुन्हा काम करूनही दोष जात नाही. शेवटी तो स्वतःच शोधून काढतो: ऑइल पोहोचवणाऱ्या यंत्रणेतली पंचवीस सेंटची एक पिन तुटलेली होती. प्रसंग जबरदस्त आहे. स्वतः मोटरसायकलचं गॅरेज चालवणाऱ्या मॅथ्यू क्रॉफर्डनेही 2009 च्या 'शॉप क्लास ॲज सोलक्राफ्ट'मध्ये त्याची दखल घेतली आहे. निष्कर्ष मात्र फार सोयीचा: काळजी असेल तर स्वतः कर.

आपल्याकडे गाडीवेड्या माणसाचं चित्र असं नसतं. आपला उत्साही मालक गॅरेजात प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला असतो, चहा मागवतो, मोबाइलचा टॉर्च धरतो आणि सूचना देतो. हात काळे होतात ते दुसऱ्याचे, बहुतेकदा एखाद्या कोवळ्या पोराचे. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, पाने-हातोड्यांची पूजा होते ती गॅरेजात, खंडेनवमीला. ग्रीसला कुणी हात लावायचा हे आपल्या समाजात आवडीनिवडीने ठरलेलं नाही, जातीने ठरत आलं आहे. 'बुद्धी आणि हात एक करा' हा पर्सिगचा सल्ला मिनेसोटातल्या घराशेजारच्या गॅरेजात जितका सरळ वाटतो, तितका पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वाटत नाही. इथे तो निरागस तरी आहे किंवा आंधळा तरी.

आणि आज तर बॉनेट उघडून दिसतं काय? प्लास्टिकचं झाकण. क्रॉफर्ड सांगतो की काही मर्सिडीज गाड्यांना ऑइल पाहायची पट्टीच राहिलेली नाही. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूने काही देशांत आधीच बसवलेली सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर विकायला काढली; पुढच्या वर्षी मागेही घेतली. फोनची बॅटरी गोंदाने चिकटवलेली. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली ती यातूनच. माझ्या गाडीचा पडदा एकदा पावसाळ्यात काळा पडून राहिला. सर्व्हिस सेंटरातल्या मुलाने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं चहा प्यायला गेला आणि म्हणाला, झालं. काय झालं होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. पर्सिगच्या भाषेत आपण सगळे जॉन झालो आहोत, फक्त सक्तीचे. मग आमचं वेड जातं कुठे? सिरॅमिक कोटिंगमध्ये, स्क्रीनगार्डमध्ये, लिटरला किती किलोमीटर पडले याच्या वहीत, अपडेटनंतर बॅटरी किती टक्के टिकते या वादात. यंत्राच्या आत जाता येत नाही म्हणून त्याच्याभोवती प्रदक्षिणा.

इथवर मी पर्सिगवर टीका करत होतो ती वाचक म्हणून. खरा हिशोब मात्र वेगळाच निघाला. गेल्या वर्षी पुन्हा वाचताना मला पहिल्यांदाच क्रिस दिसला.

तो पहिल्या पानांपासून आहे. दलदलीच्या कडेने जाताना बाप त्याच्या गुडघ्यावर थाप मारून पक्षी दाखवतो. वाऱ्यात काही ऐकू येत नाही. दोघं ओरडतात. शेवटी पोरगा बापाचं हेल्मेट धरून ओरडतो, की असले खूप पाहिलेत मी! एवढाच संवाद. त्याची पोटं दुखतात, तो रुसतो, रडतो. बाप त्याच्याकडे चिंतेने पाहतो आणि पुन्हा विचारांत शिरतो. त्या विचारांना तो 'शटॉक्वा' म्हणतो. अमेरिकेतली ही गावोगावची व्याख्यानपरंपरा 1874 ची, म्हणजे पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेहून फक्त एक वर्षाने मोठी. फरक इतकाच की ही व्याख्यानं हेल्मेटच्या आत होतात. श्रोते आपण. पाठीला चिकटून बसलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं जवळपास काही येत नाही. इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरक ओळखणाऱ्या या माणसाला मागे बसलेला आवाज कळत नाही, आणि लेखकाला हे कळलेलं आहे. पुस्तक थोर ठरतं ते इथे. 'काळजी' या शब्दावर शेकडो पानं लिहिणारा निवेदक लेखकाने मुद्दाम अपुरा ठेवला आहे, आणि आम्ही भक्त मंडळी त्या निवेदकालाच गुरू करून बसलो.

मला हे का दिसलं ते सांगायला थोडं संकोचाचं आहे. घाटात गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने खडखड येत होती. मी खिडक्या बंद केल्या, गाणी बंद केली, एसी बंद केला. मागून मुलगी काही सांगत होती. "गप्प बस जरा, आवाज ऐकू दे." दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. लोणावळ्याला चहाला थांबलो तेव्हा तिने दाराच्या कप्प्यातली स्टीलची बाटली काढून बोनेटवर ठेवली आणि आईबरोबर निघून गेली.

पुस्तकाचा शेवट साहित्य म्हणून मला आजही कच्चा वाटतो. एका धुक्यातल्या कड्यावरच्या भांडणानंतर सगळं फार पटकन सुटतं. पण त्यातला एक तपशील कुणी सुचवूनही सुचला नसता. दोघं हेल्मेट काढून चालले आहेत, म्हणून बोलता येतं आहे. क्रिस पायदांड्यांवर उभा राहतो आणि म्हणतो, सगळं वेगळं दिसतंय. आजवर त्याला बापाच्या खांद्यापलीकडचं कधी दिसलंच नव्हतं. हजारो मैल त्याने पाठ पाहिली होती.

1979 च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या झेन केंद्राबाहेर लुटारूंनी क्रिसला भोसकून मारलं. तेविसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. पर्सिगने 1984 च्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरलेखात हे सांगितलं आहे, आणि तिथे मोटरसायकल नाही, क्वालिटीची मांडणी नाही. तो गेला कुठे, हा एकच प्रश्न एक बाप वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतो आहे. पुस्तकातलं मला सर्वांत खरं वाटलेलं गद्य ते.

ती गाडी, 1966 ची होंडा सुपरहॉक, आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. पुस्तकात पर्सिग तिचा मेक सांगत नाही. आम्ही मात्र तो शोधून पाठ केला.

वाचणार असाल तर बोझमनची, अध्यापनाची प्रकरणं कंटाळा आल्यास खुशाल ओलांडा. मीही दुसऱ्यांदा ओलांडली. पण उत्तरलेख असलेली आवृत्ती घ्या. माझ्या दोन प्रतींपैकी एकीत तो नाही. ती कुणाला देऊ नये म्हणून वरच्या फळीवर ठेवली आहे. दुसरी सध्या मुलीकडे आहे. तिने अजून उघडलेली दिसत नाही.