पुण्णिकेची गाथा आणि अट्ठकथेचे उत्तर

प्राचीन भारतीय साहित्यात स्त्री-पात्रांची उणीव नाही. परंतु ही पात्रे बहुधा पुरुषांच्या वाणीतून साकारलेली असून कोणाची तरी कन्या, पत्नी अथवा माता या नात्यानेच त्यांना स्थान मिळालेले दिसते. खुद्दकनिकायातील थेरीगाथेचे वेगळेपण येथेच आहे. ७३ गाथासमूहांच्या या ग्रंथात बहुतेक ठिकाणी स्त्री स्वतः बोलते व स्वतःच्या मुक्तीची साक्ष स्वतः देते. या गोष्टीचा आपण नेहमी अभिमानाने उल्लेख करतो. मात्र विहारांतून थेरींची जी चरित्रे सांगितली जातात, त्यांतील बराच भाग मूळ गाथांत नसून अट्ठकथेतला असतो. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास आचार्य धम्मपालांनी ही अट्ठकथा रचली. मूळ गाथा आणि तिची टीका यांची सरमिसळ झाली म्हणजे काय घडते, हे पुण्णिका थेरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सोळा गाथांच्या निपातात आलेली ही पुण्णिका पाणी भरणारी दासी होती. कडाक्याच्या थंडीतही ती नदीत उतरते. त्याचे कारण ती आडपडदा न ठेवता सांगते: मालकिणींच्या काठीचे आणि शिव्यांचे भय. त्याच थंड पाण्यात एक ब्राह्मण कुडकुडत उभा आहे. त्याला भय आहे पापाचे. स्नानाने पाप धुतले जाते, असे तो तिला ऐकवतो. त्यावर पुण्णिका विचारते, तसे असेल तर बेडूक, कासवे आणि सुसरी यांनाही स्वर्ग मिळेल काय? खाटीक, कोळी, चोर हेही पाण्याने पापमुक्त होतील काय? आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही का नेणार नाही? ब्राह्मण निरुत्तर होतो व तिला आपले स्नानवस्त्र देऊ करतो. ती ते नाकारते. दुःखाचे भय वाटत असेल तर दुष्कर्म करू नकोस आणि बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जा, असे ती त्याला सांगते. दासी उपदेश करते आणि ब्राह्मण शरण जातो. वर्ण, वर्ग आणि लिंग या तिन्ही उतरंडी एकाच संवादात उलट्या झालेल्या आहेत.

आता अट्ठकथेकडे वळू. पुण्णिका दासी का झाली, असा प्रश्न धम्मपालांपुढे उभा राहतो. त्यांचे उत्तर असे की, पूर्वीच्या बुद्धांच्या काळी ती बहुश्रुत भिक्षुणी होती. परंतु तिच्या ठायी मान, म्हणजे अहंकार होता. त्यामुळे तिला दासीच्या पोटी जन्म घ्यावा लागला. मूळ गाथेत याचा मागमूसही नाही. तेथे दुःखाचे कारण मालकिणीच्या हातातली काठी हे आहे. अट्ठकथेत ते पुण्णिकेच्याच पूर्वजन्मात जाऊन बसते. काठी धरणारा हात दोषमुक्त होतो, आणि जिने अहंकारी ब्राह्मणाचा भ्रम दूर केला, तिच्याच माथी अहंकाराचा दोष येतो.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, अट्ठकथाकारांनी हे कारण स्वतःच्या कल्पनेतून काढलेले नाही. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभङ्ग सुत्तात अहंकाराचे फळ नीच कुळातील जन्म असे म्हटले आहे. थेरीगाथेतीलच इसिदासीच्या गाथांतही, तीन पतींनी टाकून दिल्याचे कारण पूर्वजन्मातील परस्त्रीगमन असे येते. या गाथा पाटलिपुत्राच्या पार्श्वभूमीवरील असून अभ्यासक त्यांना उत्तरकालीन मानतात. उलटपक्षी, अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सर्व सुखदुःख पूर्वकृत कर्मानेच घडते, या मताचे तथागतांनी खंडन केलेले आहे. अर्थात वाद केवळ गाथा आणि अट्ठकथा यांच्यातील नाही. तो तिपिटकाच्या आतही आहे. अशा वेळी वाचकाला निवड करावीच लागते.

या निवडीची कसोटी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घालून दिली आहे. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धांत माणसाच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून काढून टाकतो, म्हणून तो नाकारला. १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकातील हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीविषयीच्या लेखात, महापरिनिब्बान सुत्तातील स्त्रियांसंबंधीचा आनंदाशी झालेला संवाद मागाहून घातलेला आहे, असे त्यांनी साधार मांडले. ग्रंथ आदरणीय आहे म्हणून त्यातील प्रत्येक ओळ बुद्धवचन ठरत नाही, हा त्या विवेचनाचा गाभा होय.

तथापि अट्ठकथा टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. सोमा थेरीला मार ‘दोन बोटांची प्रज्ञा’ असलेली म्हणून हिणवतो. हा शब्द आपल्याला कळतो तो अट्ठकथेमुळेच. लहानपणापासून भात रांधणारी स्त्रीसुद्धा शीत दोन बोटांत दाबून पाहिल्याखेरीज तो शिजला की नाही हे सांगू शकत नाही, असा त्यातील टोमणा. चुलीपाशी स्त्रीला बसवायचे आणि त्याच कामावरून तिची बुद्धी तोकडी ठरवायची, ही रीत किती जुनी आहे ते यावरून दिसते. वास्तविक ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः चाचपून पाहणे हीच धम्माची शिकवण! चित्त समाहित झाले असता स्त्रीत्वाचा संबंधच काय, हे सोमेचे उत्तर माराला पुरेसे झाले.

म्हणून वर्षावासात थेरींची चरित्रे सांगताना गाथा कोठे संपते व अट्ठकथा कोठे सुरू होते, हे प्रवचनकारांनी स्पष्ट करावे. श्रोत्यांमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून आलेल्या उपासिका असतात. पुण्णिकेचे दास्य तिच्या पूर्वजन्मीच्या अहंकाराचे फळ होते, असे त्यांनी ऐकले, तर स्वतःविषयी त्या काय समजतील? त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी ती नदीकाठी प्रश्न विचारणारी, देऊ केलेले वस्त्र परत करणारी पुण्णिका.