‘कर नाही त्याला डर कशाला’ : एका लोकमताची चिकित्सा

खाजगीपणाचा प्रश्न निघाला की सुशिक्षितांच्याही तोंडी ही म्हण हटकून येते. म्हणीचे बळ तिच्या यमकात आहे. तिला युक्तिवाद मानावयाचे तर तिच्यातील गृहीत तपासले पाहिजे. ते असे की, पाळत ठेवणाऱ्याकडून निर्दोष माणसास उपद्रव होत नाही.

खरकसिंग खटल्यात हे गृहीत टिकत नाही. १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून धरलेला हा इसम पुराव्याअभावी सुटला. तथापि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली व रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावले. ‘कर’ सिद्ध झाला नव्हता, ‘डर’ मात्र दारात उभी होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या घरभेटी अवैध ठरविल्या. परंतु बहुमताने खाजगीपणास मूलभूत हक्क मानले नाही. न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मतात मांडलेली भूमिका मान्य होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी तो हक्क एकमताने मान्य केला.

यंत्रयुगात म्हणीचा दुसरा दोषही उघड होतो. काबाडकष्टाने ज्याच्या बोटांचे ठसे झिजले, त्याने कोणताच अपराध केलेला नसतो. तरीही ठसे तपासणारे यंत्र त्याला नाकारू शकते, आणि शिधा अडतो.

सारांश, ही म्हण व्यक्तीच्या वर्तनाची झडती घेते व सत्तेच्या वर्तनाविषयी मौन पाळते. हक्काची गरज नेमकी त्या मौनाच्या जागी भासते.