ऐकायचं की गायचं? ग्रेगोरियन चांटचा प्रश्न

११ मे २०२५, रविवारची दुपार. रोममधल्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या सज्जात पोप लिओ चौदावे उभे होते. निवड होऊन तीनच दिवस झाले होते. पुनरुत्थानकाळात मरियेसाठी म्हणतात ती 'रेजिना चेली' ही प्रार्थना त्यांनी त्या दिवशी नुसती म्हटली नाही, लॅटिनमध्ये गायली. तो व्हिडिओ माझ्याकडे तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरून आला. खाली शेरा प्रत्येक वेळी तोच: 'काय आवाज आहे!'

आवाज चांगलाच आहे. पण मी तो व्हिडिओ पुन्हा लावला तो चौकातल्या गर्दीसाठी. खालून लोक साथ देत होते. लहानपणी पाठ झालेली चाल कानावर पडली की माणसाचं तोंड आपोआप उघडतं. ग्रेगोरियन चांट आज जिवंत आहे का, हे ठरवताना मी पोपच्या आवाजापेक्षा त्या साथीकडे आधी बघेन.

चांट म्हणजे नेमकं काय, ते आधी थोडक्यात. एकच सूर, सगळ्यांचा मिळून. हार्मनी नाही, ठेका नाही. लॅटिन वाक्य जसं चालेल तशी चाल चालते. बायबलमधलं स्तोत्र गाताना बहुतेक ओळ एकाच स्वरावर म्हणतात, मध्यावर आणि शेवटी थोडी वळवतात. कुणालाही दहा मिनिटांत जमेल असं हे गाणं. दुसऱ्या टोकाला 'आलेलुया'. त्यातल्या शेवटच्या 'आ'वर स्वरांची लांबच लांब माळ येते, शब्द मागे पडतो आणि आकार उरतो. आलाप ऐकत वाढलेल्या कानाला हे परकं वाटू नये. चांटचे आठ 'मोड' आहेत. प्रत्येकाचा विसाव्याचा स्वर ठरलेला आणि पठण ज्यावर टेकतं तोही ठरलेला. त्यांना राग म्हणता येणार नाही, पण रागाची सवय असलेल्याला वाट सापडते.

हे गाणं युरोपच्या रोजच्या जगण्यात इतकं मुरलेलं होतं की रविवारांना नावंसुद्धा त्या दिवशीच्या प्रवेशगीताच्या पहिल्या शब्दांवरून पडली. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला कुबडा क्वासिमोदो आठवतो? ईस्टरनंतरच्या ज्या रविवारी तो टाकलेला सापडला, त्या रविवारचं प्रवेशगीत 'क्वासिमोदो' या शब्दाने सुरू होतं. तेच त्याचं नाव झालं.

आता १९९४ कडे येऊ. स्पेनमधल्या सान्तो दोमिंगो दे सिलोस मठातल्या मठवासींचा 'चांट' नावाचा अल्बम त्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ध्वनिमुद्रणं जुनीच होती, फक्त नव्याने बाजारात आणलेली. मुखपृष्ठावर निळ्या आकाशात तरंगणारे मठवासी. मी तो अल्बम अनेकदा ऐकलाय, परीक्षेच्या रात्रीही. गाणं सुरेख आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या आकाशाबद्दल आहे. या माणसांचे पाय जमिनीवर असतात. ते दिवसातून अनेकदा ठरल्या वेळी उठून गातात, सर्दी झाली तरी गातात, कंटाळा आला तरी गातात. मुखपृष्ठाने त्यांचं काम पुसून टाकलं आणि शांतता तेवढी विकली. आज स्ट्रीमिंगवर 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी' अशा याद्यांत चांट सापडतो, तो याच वाटेने आलेला. त्यात स्तोत्रातला आक्रोश, राग, शत्रूला दिलेले शाप काहीच ऐकू येत नाही. ऐकणाऱ्याने त्याची भाषा विचारलेलीच नसते.

याच्या शेजारी 'न्यूम्झ' हे अॅप ठेवून पाहा. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या जूक इथल्या मठात बेनेडिक्टाइन धर्मभगिनी रोज लॅटिनमध्ये चांट गातात. त्यांची रोजची उपासना जशीच्या तशी मुद्रित करणारा हा प्रकल्प. हजारो तासांचं गाणं. स्क्रीनवर चौकोनी स्वरलिपी सरकते, शेजारी अर्थ दिसतो. यात कुठे धाप लागते, कुठे कुणी खोकतं. मला हे सिलोसच्या अल्बमपेक्षा जास्त आवडतं, कारण इथे गाणं कुठल्या दिवसाचं आणि कुठल्या वेळेचं आहे ते कळतं. तरी शेवटी हेही ऐकणंच. दुसऱ्या कुणीतरी आपल्या वाटची प्रार्थना करायची आणि आपण हेडफोन लावायचा.

दुसऱ्या टोकाला जुन्या मिस्सेचे कैवारी आहेत. त्यांच्याशी माझं अर्धं पटतं. पण 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' हे त्यांचं आवडतं वाक्य चांटला लागू पडत नाही. जगभर सर्वांत जास्त गायली जाणारी चांटची मिस्सा म्हणजे 'मिस्सा दे आन्जेलिस'. तिच्यातलं 'ग्लोरिया' सोळाव्या शतकातलं आहे आणि तिच्यासोबत हमखास गायलं जाणारं तिसरं 'क्रेदो' सतराव्या शतकातलं. म्हणजे आपल्या फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'च्या आगेमागेचंच. आणि जे खरंच हजार वर्षांपूर्वीचं आहे, तेही अखंड आलेलं नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत जुन्या चाली छाटून, बदलून ओळखू येईनाशा झाल्या होत्या. प्रॉस्पेर गेरांजे यांनी १८३३ मध्ये फ्रान्समधल्या सोलेम इथला ओसाड मठ पुन्हा वसवला आणि तिथल्या मठवासींनी जुनी हस्तलिखितं शोधून, ताडून चाली परत उभ्या केल्या. १८८९ पासून त्यांनी हस्तलिखितांचे फोटो छापायला सुरुवात केली. एकच गीत दोनशेहून अधिक हस्तलिखितांत कसं लिहिलंय, हे त्यांनी ओळीने छापून दाखवलं. त्या काळचं नवं तंत्र वापरून केलेलं हे काम. चांटची लय कशी धरायची यावर सोलेममध्येच पुढे दोन तट पडले: दोम मोकेरो यांची दोन-तीन स्वरांच्या गटांची पद्धत एकीकडे, हस्तलिखितातली प्रत्येक खूण वाचणारी दोम कार्दीन यांची पद्धत दुसरीकडे. म्हणजे आज आपण 'प्राचीन' म्हणून जे ऐकतो, ते जाणकारांनी मेहनतीने आणि वाद घालत परत मिळवलेलं आहे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. पण 'पूर्वी सगळं ठीक होतं' असं मात्र म्हणता येत नाही.

आणि पूर्वी लोक तरी गात होते का? पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या पत्रात चांट पुन्हा लोकांच्या तोंडी द्या, असं बजावलं. लोक गातच असते तर हे सांगावं लागलं नसतं. अनेक ठिकाणी धर्मगुरू हळू आवाजात लॅटिन म्हणत आणि बाकांवरचे लोक आपापली रोझरी म्हणत. तीही शांतताच होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लॅटिन हाकललं, असं सगळेच म्हणतात. ४ डिसेंबर १९६३ चा उपासनेवरचा दस्तऐवज उघडून पाहा. लोकभाषेला दार उघडलंय हे खरं. पण लॅटिन जपावं, लोकांना आपल्या वाट्याची उत्तरं लॅटिनमध्येही म्हणता-गाता यावीत, आणि बाकी परिस्थिती सारखी असेल तर चांटला पहिलं स्थान असावं, हेही त्यातच लिहिलंय. बाजूने २१४७ मतं, विरोधात ४. पोप पॉल सहावे यांनी १९६९ मध्ये नवी मिस्सा लागू होण्याच्या तोंडावर, आपण काहीतरी मौल्यवान गमावतोय, असं जाहीरपणे मान्य केलं. लोकांना समजणं त्याहून मोलाचं, म्हणून ही किंमत मोजायची. पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांनी जगभरच्या बिशपांना 'जुबिलाते देओ' नावाची लहानशी पुस्तिका पाठवली. सोप्यातले सोपे चांट, निदान एवढे तरी सगळ्यांना यावेत म्हणून. पुस्तिका कपाटात गेली.

मला वाटतं, सगळ्या भांडणात ही पुस्तिकाच विसरली गेली. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी १९६२ च्या जुन्या मिस्सेवर निर्बंध आणले आणि लॅटिन हा झेंडा झाला. लॅटिन गाणारा म्हणजे अमुक गटाचा. खरं तर ते निर्बंध जुन्या विधीवर होते. नव्या मिस्सेचं मूळ पुस्तकच लॅटिनमध्ये आहे, तिच्यात चांट गायला कुणाची मनाई नाही.

मी वसईकडची. आमची मिस्सा मराठीत आहे आणि ती मराठीतच राहावी असं मला मनापासून वाटतं. माझ्या आज्जीला लॅटिन उत्तरं पाठ होती, अर्थ ठाऊक नव्हता. मला अर्थ कळतो, ही माझी कमाई नाही, मला मिळालेली देणगी आहे. ती सोडून मला मागे जायचं नाही. पण अर्थ कळणं हेच सर्वस्व असतं, तर आपण 'आमेन', 'आलेलुया', 'होसान्ना' कधीच मराठीत आणले असते. हे हिब्रू शब्द आहेत. लॅटिन मिस्सेतलं 'किरिये एलेइसोन' तर ग्रीक. रोमनेही ते भाषांतरित केलं नाही. काही शब्द पिढ्यांच्या तोंडून जसेच्या तसे येतात आणि ते म्हणताना आपण आपल्या आधीच्यांच्या रांगेत उभे राहतो. आज्जी गेली तेव्हा तिच्या मिस्सेत तिला पाठ असलेलं काहीही गायलं गेलं नाही. आमच्यापैकी कुणाला येतच नव्हतं.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या मिस्सेत चांट ऐकला. गायनमंडळ तयारीचं होतं, माइक मोठे होते आणि कीबोर्डवर ठेका लावलेला होता. ठेक्यात बसवताना शब्दांची मोडतोड झाली. बाकांवर सगळे फोन वर धरून चित्रण करत होते, मीही. गात कुणीच नव्हतं. तो व्हिडिओही ग्रुपवर आला आणि त्याच्याखालीही तोच शेरा.

त्यापेक्षा 'जुबिलाते देओ'मधलं 'सान्क्तुस' आणि 'आग्नुस देई' घ्या. चार-पाच स्वरांची चाल आहे. कीबोर्ड बंद, माइक बंद. मिस्सेआधी पाच मिनिटं कुणीतरी पुढे उभं राहून ओळ सांगायची, लोकांनी मागून म्हणायची, पडद्यावर खाली मराठी अर्थ. उपवासकाळाचे सहा रविवार तेवढंच. रोमच्या पोंटिफिकल संगीत संस्थेने लिओंच्या निवडीनंतर चांट शिकवणारे छोटे व्हिडिओ काढलेत, ते फोनवर आहेतच. बाकी मिस्सा मराठीतच राहील. पहिले दोन रविवार बेसूर जातील. सहाव्या रविवारी कदाचित फोन खिशात राहतील, कारण ओळ पुढे कुठे वळते ते आता पाठ असेल.