पडद्यावरचे १२७ अंश

विज्ञान दिनाच्या निमित्ताने एका तालुक्याच्या गावी शाळेत व्याख्यानाला गेलो होतो. व्याख्यानानंतर विज्ञानाचे शिक्षक संगणक कक्ष दाखवायला घेऊन गेले. तेथे एका संगणकावर पुठ्ठा चिकटवलेला होता : 'चालू करू नये. गरम होतो.' चौकशी केली तेव्हा कळले, की कोणीतरी त्यात यंत्राची तब्येत दाखवणारी एक आज्ञावली घातली होती. ती तीन तापमाने दाखवत असे : ४१, ३८ आणि १२७ अंश सेल्सिअस. तिसरा आकडा लाल अक्षरांत येई. आग लागायला नको म्हणून तो संगणक आठ महिने बंद ठेवला होता. बारा संगणक आणि एकेका तुकडीत साठ मुले असलेल्या शाळेत ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्याबरोबर नववीतली एक मुलगी होती. ती म्हणाली, "सर, १२७ म्हणजे पाणी उकळतं त्याच्याही वर. मग आतून वाफ, वास काहीच कसं येत नव्हतं?"

शिक्षक म्हणाले, "अगं, आत सेन्सर असतो. आपल्या नाकापेक्षा त्याला जास्त कळतं. यंत्र खोटं बोलत नाही."

आम्ही संगणक चालू केला आणि अर्धा तास त्याला भरपूर काम दिले. पहिले दोन आकडे हळूहळू चढले. तिसरा १२७ वरून तसूभरही हलला नाही. बोर्डाचे पुस्तक काढून पाहिले, तर बोर्डावर संवेदक दोनच होते. मोजणी करणाऱ्या चिपमध्ये मात्र तीन संवेदकांची सोय होती. तिसऱ्या जागेला काहीच जोडलेले नव्हते. आठ बिटांत धन आणि ऋण पूर्णांक लिहायचे, तर उणे १२८ ते अधिक १२७ एवढीच जागा मिळते. रिकाम्या टोकाला काही चिप या मर्यादेचे एक टोक दाखवतात, काही दुसरे. १२७ हे तापमान नव्हतेच. 'येथे कोणी नाही' याचा तो आकडी उच्चार होता.

त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. अंशाचे चिन्ह लावून, लाल रंगात आकडा पुढे आला तर कोणीही घाबरेल. माझी तक्रार अशा आज्ञावलींबद्दल आहे. आकडा कसा तयार झाला हे त्या लपवतात आणि निष्कर्ष मात्र ठळकपणे मांडतात.

आकडा कसा बनतो?

व्होल्टेजचे उदाहरण घेऊ. १९९० च्या दशकात गाजलेली एलएम७८ ही चिप ० ते सुमारे ४ व्होल्टच मोजू शकत असे, तेही १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी. मग १२ व्होल्ट कसे मोजायचे? बोर्ड बनवणारा दोन रोध एकसरीत जोडून व्होल्टेज विभागतो. ३० आणि १० किलोओहमचे रोध असतील तर १२ चे ३ व्होल्ट होतात. आज्ञावली त्याला ४ ने गुणून पुन्हा १२ दाखवते. पण बोर्डावर ३० ऐवजी २८ चा रोध असेल तर? चिपला ३.१५ व्होल्ट दिसतात. आज्ञावली इमानाने ४ ने गुणते आणि १२.६१ दाखवते. १२ व्होल्टला प्रमाणित मर्यादा पाच टक्क्यांची, म्हणजे ११.४० ते १२.६० आहे. निर्दोष पॉवर सप्लाय नापास झाला! शिवाय १६ मिलिव्होल्टची पायरी ४ ने गुणली की ६४ मिलिव्होल्टची होते. १२.६१ नंतर थेट १२.६७ येणार. दुसऱ्या दशांश स्थळाला काही अर्थच उरत नाही, तरी तो छापला जातो. वर्गात हा दोष कोणी केला तर आपण गुण कापतो.

पंख्याची गोष्ट याहून मजेदार आहे. तीच चिप पंख्याच्या एका फेरीत २२,५०० हर्ट्झच्या घड्याळाचे किती ठोके पडतात ते मोजते. पंखा जितका सावकाश, तितके ठोके जास्त. हे व्यस्त प्रमाण झाले. मिनिटाला २००० फेऱ्या असतील तर एका फेरीत ६७५ ठोके पडतात. आठ बिटांत २५५ पर्यंतच आकडा मावतो, म्हणून ठोक्यांना २, ४ किंवा ८ ने भागायची सोय आहे. भाजक २ असेल तर ६७५ चे ३३७ होतात आणि मोजणी ओसंडते. अशा वेळी पडद्यावर शून्य येते. पंखा डोळ्यांसमोर फिरतो आहे आणि यंत्र म्हणते, तो थांबला. भाजक ४ केला की १६९ येतात आणि पडद्यावर जवळजवळ २००० उमटतात. नंतरच्या अनेक चिपमध्ये ही मोजणी सोळा बिटांची झाली आणि अडचण बरीचशी मिटली. पण जुनी यंत्रे शाळांतच येतात, हे विसरता येत नाही.

ही सगळी जुन्या काळची दुखणी आहेत असे मात्र नाही. २०१७ मध्ये एएमडीचे रायझेन प्रोसेसर आले. त्यांतील १७००एक्स आणि १८००एक्स हे दोन प्रोसेसर खऱ्या तापमानात २० अंश मिळवून आकडा देत. साध्या १७०० मध्ये असे नव्हते. सर्व प्रकारांत पंख्याचे नियंत्रण सारखे राहावे हा त्यामागचा हेतू, असे कंपनीने त्याच वर्षी स्पष्ट केले. तोवर अनेकांनी चांगल्या प्रोसेसरला तापट ठरवले होते. इंटेलच्या प्रोसेसरमधील डिजिटल संवेदक तर तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढेच तो सांगतो. जुन्या प्रोसेसरांच्या बाबतीत ही मर्यादा आज्ञावली लिहिणाऱ्याला अंदाजाने धरावी लागे. संवेदक म्हणाला '५० खाली'. एका आज्ञावलीने मर्यादा १०० धरली, तिने ५० अंश दाखवले. दुसरीने ८५ धरली, तिने ३५ दाखवले. प्रोसेसर एक, क्षण एक, तापमाने दोन.

एक चांगले उदाहरण

लिनक्सवरील एलएम-सेन्सर्स या संचाचे मला कौतुक वाटते. त्यात गुणाकार, भागाकार, संवेदकांची नावे हे सारे एका साध्या मजकुराच्या फायलीत उघड लिहिलेले असते. रोध २८ चा आहे असे कळले तर आपण ते तेथे दुरुस्त करू शकतो. जागा रिकामी असेल तर 'दुर्लक्ष करा' अशी ओळ लिहू शकतो. सुरुवातीच्या काळात संवेदक शोधण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांतील एका स्मृती-चिपमधील माहितीच बिघडली होती. ही चूक त्यांनी स्वतःच्या माहितीपत्रात लिहून ठेवली. पण हा संचही निर्दोष नाही. रिकाम्या जागेचा आकडा तोही आधी छापतो. दुरुस्ती वापरणाऱ्याने करायची, आणि ती करायला लागणारे रोधांचे आकडे बोर्ड बनवणारे क्वचितच देतात.

यावर कोणी म्हणेल, मग हे आकडे पाहायचेच कशाला? तसे म्हणणे ही उलट बाजूची चूक होईल. धुळीने गच्च झालेला पंखा, वाळून गेलेली उष्णतावाहक पेस्ट यांची पहिली वर्दी हेच आकडे देतात. प्रत्येक लाल आकडा खोटा समजणारा एक दिवस खरोखरच प्रोसेसर गमावून बसेल. आकडा टाकून द्यायचा नाही, त्याची उलटतपासणी करायची.

ती शाळेतही करता येते. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी चालू करताच बोर्डाचे तापमान खोलीतल्या तापमापकाच्या आसपास हवे. नुसत्या पंख्याच्या हवेवर थंड होणाऱ्या यंत्रात कोणताही भाग खोलीपेक्षा गार असू शकत नाही. पडद्यावर तसे दिसले तर गणित चुकले आहे. मग यंत्राला काम द्यावे. जो आकडा कामाबरोबर चढत-उतरत नाही, त्याच्यावर संशय घ्यावा. पंखा डोळ्यांनी पाहावा. १२ व्होल्ट शिक्षकांनी मल्टीमीटरने पिवळ्या आणि काळ्या तारांमध्ये मोजावेत. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नये, कारण वीज बंद केल्यावरही तिच्यातील कपॅसिटरांत विद्युतभार राहतो.

यात मुलांना नवे असे काहीच नाही. व्हर्नियर कॅलिपर हातात घेतल्यावर आधी शून्य त्रुटी पाहायची, हे आपण त्यांना शिकवतो. मग साधन पडद्याआड गेले की ती सवय का सोडायची? त्या मुलीने उत्कलनबिंदू आठवून साधनाचे वाचन तपासले होते. प्रयोगवहीत यालाच गुण असतात. 'यंत्र खोटं बोलत नाही' या उत्तराने तिला शिकवले, की पुस्तकातले शंभर अंश परीक्षेपुरते आणि पडद्यावरचे १२७ खरे.

निघताना शिक्षकांनी स्वतःच तो पुठ्ठा काढला, उलटा केला आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला. तिने लिहिले : 'तिसऱ्या जागी सेन्सर नाही. तो आकडा वाचू नये. संगणक चालू आहे.'