म्युनिकचे खेडे, मालाडचे खेडे

बॉम्बे टॉकीजचा विषय निघाला की एक विधान हमखास केले जाते. मालाडच्या त्या स्टुडिओत जर्मन मंडळी होती, म्हणून जर्मन अभिव्यक्तिवाद, म्हणजे ते तिरपे नेपथ्य, लांबलचक सावल्या, झपाटलेले चेहरे, त्यांच्यामार्फत हिंदी सिनेमात उतरला. तिथला जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन याचे चित्रपट लक्ष देऊन पाहिले तर हे विधान टिकत नाही. ‘अछूत कन्या’त रात्री आहेत, सावल्या आहेत, पण त्या कोणाला घाबरवत नाहीत. प्रकाश मऊ आहे, कॅमेरा शांत आहे, माणसे हळू बोलतात, आणि खेडे इतके नीटनेटके आहे की तिथे नुकताच सडा टाकला असावा. हा बर्लिनचा सिनेमा नाही, म्युनिकचा आहे. हे ध्यानात घेतल्याशिवाय या दिग्दर्शकाचे मोजमाप करता येत नाही.

ऑस्टेनचे खरे नाव फ्रान्झ ऑस्टरमायर. जन्म 1876 सालचा, म्युनिकचा. घरात छायाचित्रणाचा धंदा होता आणि तो त्यातच तयार झाला. 1907 मध्ये धाकटा भाऊ पीटर याच्याबरोबर त्याने फिरता सिनेमा सुरू केला. पहिल्या महायुद्धाआधी तो दिग्दर्शनाकडे वळला, युद्धात आधी बातमीदार आणि मग सैनिक झाला, आणि परतला तेव्हा पीटरने म्युनिकमध्ये एमेल्का ही मोठी चित्रसंस्था उभी केली होती. बर्लिनच्या उफा या चित्रसंस्थेकडे भव्य स्टुडिओ होते, फ्रिट्झ लांग आणि मुर्नाऊ यांच्यासारखे दिग्दर्शक होते. म्युनिकच्या हाताशी होते आल्प्सचे डोंगर, बव्हेरियाची कॅथलिक खेडी आणि लोकनाट्याची जुनी परंपरा. तिथला सिनेमा उघड्यावर चित्रित होई. त्यात शेतकरी, शिकारी, गावचा पाद्री, अब्रूपायी होणारी भांडणे, आणि गावाच्या नियमापुढे हरणारे प्रेम असे. पुढे पीटर ऑस्टरमायरने याच जातीचे चित्रपट वर्षानुवर्षे काढले. खुद्द फ्रान्झने मालाडला येण्याच्या आदल्याच वर्षी, 1933 मध्ये, ‘डेर यूडास फॉन टिरोल’ हे डोंगरी गावातले नाट्य पडद्यावर आणले. तो मालाडला हे शिक्षण घेऊन आला.

त्याआधी तो भारतात मूकपटांसाठी येऊन गेला होता. लंडनमध्ये कायदा शिकणारे आणि नाटकाच्या नादी लागलेले हिमांशू राय म्युनिकला एमेल्काकडे गेले. यंत्रे, तंत्रज्ञ आणि दिग्दर्शक जर्मनांचे. कथा, नट, स्थळे आणि पैसा भारतीयांचा, असा सौदा ठरला. 1925 मध्ये ऑस्टेन छायालेखक योझेफ विर्शिंग आणि अन्य सहकाऱ्यांसह मुंबई बंदरात उतरला. त्याच सुमारास आल्फ्रेड हिचकॉक नावाचा एक तरुण इंग्रज याच एमेल्काच्या आवारात आपला पहिला पूर्ण चित्रपट करत होता. ‘प्रेम संन्यास’, ‘शिराझ’ आणि ‘प्रपंच पाश’ हे तीन मूकपट 1925 ते 1929 या काळात झाले. बुद्ध, ताजमहाल आणि महाभारतातले द्यूत हे त्यांचे विषय. तिन्हींचे चित्रीकरण प्रामुख्याने राजस्थानातल्या संस्थानांत, तिथल्या महाराजांच्या हत्ती-घोड्यांसह झाले.

या तीन चित्रपटांवर परदेशी प्रेक्षकाची नजर स्पष्ट दिसते. ‘प्रेम संन्यास’ची सुरुवातच भारत बघायला आलेल्या पर्यटकांपासून होते आणि बुद्धाची कथा त्यांना सांगितली जाते. मिरवणूक आली की ऑस्टेनचा पाय तिथेच अडतो. हत्ती, छत्रे, बाजार, गारुडी असे बरेच काही युरोपला दाखवायचे असते, तोवर कथेने थांबायचे. हा दोष मोठा आहे. तरी या मूकपटांत एक गुण आहे, आणि त्या काळाच्या भारतीय चित्रपटांत तो दुर्मीळ होता. ऑस्टेन नटांना हातवारे करू देत नाही. ‘प्रपंच पाश’मधला पट मांडण्याचा प्रसंग पाहा. कपटी सोहाटच्या भूमिकेत हिमांशू राय, राज्य आणि वधू दोन्ही पणाला लावणारा रणजित म्हणजे चारू रॉय. रंगभूमीवर हा प्रसंग गर्जनांनी भरला असता. इथे फासे, बोटे आणि डोळे एवढ्यावर तो तोलला आहे. सीतादेवी या नावाने वावरणारी अँग्लो-इंडियन नटी रेनी स्मिथ तिन्ही चित्रपटांत आहे, आणि तिचा चेहरा कसा शांत ठेवायचा हे ऑस्टेनला नेमके कळले होते. त्याच्या साऱ्या कामात कलाकृती म्हणून मी ‘प्रपंच पाश’ला पहिला क्रमांक देईन.

1934 मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज काढली. शेअर बाजारात भांडवल उभारलेली ही रीतसर मर्यादित कंपनी होती. संचालक मंडळावर सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना अशी मुंबईतली वजनदार नावे होती, आणि एफ. ई. दिनशा यांच्या मालाडच्या मालमत्तेवर स्टुडिओ थाटला गेला. दिग्दर्शनाला ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे विर्शिंग, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेटी, प्रयोगशाळेत विल्हेल्म त्सोले. ‘जवानी की हवा’पासून ‘कंगन’पर्यंत चार-पाच वर्षांत ऑस्टेनच्या नावावर पंधरा-सोळा बोलपट जमा झाले. इतक्या वेगात सगळे चांगले होणे शक्यच नव्हते. ‘सावित्री’सारखा पौराणिक चित्रपट त्याला पेललेला नाही, आणि कौटुंबिक कथांपैकी बऱ्याच एकाच साच्यातल्या आहेत.

ऑस्टेनला हिंदी येत नव्हते. बोलपटाच्या दिग्दर्शकाला संवादाचा अर्थ दुभाष्याकडून कळावा, हे ऐकायला विचित्र वाटते, पण बॉम्बे टॉकीजच्या शैलीचे अर्धे मर्म इथेच आहे. ज्याला शब्द कळत नाहीत तो लय ऐकतो, आवाजाची पट्टी ऐकतो, आणि चेहरा बघतो. पारशी रंगभूमीची चढ्या आवाजाची सवय त्या स्टुडिओत मोडली, त्याला ध्वनिग्राहकाची गरज जितकी कारण होती तितकेच हेही कारण असावे. निरंजन पाल यांच्या कथा, जे. एस. कश्यप यांचे संवाद आणि सरस्वतीदेवी यांचे संगीत होते, वर सगळ्यावर राय यांची करडी देखरेख. अशा ठिकाणी चित्रपट नेमका कोणाचा, याला एका नावाचे उत्तर नाही. ऑस्टेनकडे दृश्याचा तोल होता आणि नटांचा संयम होता. विषयाची निवड आणि त्यातले धाडस पाल आणि राय यांचे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अशोककुमारला ‘जीवन नैया’त नायक केले तेही राय यांनी, ऑस्टेनला हा मुलगा नट म्हणून पसंत नव्हता, असे अशोककुमार यांनीच पुढे सांगितले.

‘अछूत कन्या’ 1936 चा. रेल्वे फाटकावरचा दलित गेटमन दुखिया, त्याची मुलगी कस्तुरी, किराणा दुकानदार ब्राह्मण मोहन आणि त्याचा मुलगा प्रताप. सर्पदंश झालेल्या मोहनचे विष दुखियाने तोंडाने शोषून काढलेले असते, त्यातून दोन घरांची मैत्री. मुले एकमेकांवर प्रेम करतात आणि लग्ने दुसरीकडे होतात. मोहन आजारी दुखियाला स्वतःच्या घरात आणतो तेव्हा गाव त्याचे घर पेटवते. शेवटी फाटकावर प्रताप आणि कस्तुरीचा नवरा मनू यांची झटापट चालू असताना गाडी येते, ती थांबवायला धावलेली कस्तुरी तिच्याखाली जाते आणि तिचे देऊळ होते. रेल्वे फाटकाची योजना विलक्षण आहे. गाडी जात बघत नाही, पण गाडीला रस्ता देणारा माणूस मात्र गावाबाहेरच राहतो, हे विर्शिंगच्या चौकटी एकही शब्द न वापरता सांगतात. पडद्यावर अस्पृश्यतेविषयी बोलणारा लोकप्रिय चित्रपट त्या साली काढणे सोपे नव्हते, याचे श्रेय त्या चमूला दिलेच पाहिजे.

आणि तरी हा चित्रपट आज बघताना खटकतो. कोरलेल्या भुवयांची, परीटघडीच्या चोळीतली कस्तुरी कधी उपाशी राहिली असेल असे वाटत नाही. जात इथे व्यवस्था म्हणून येत नाही, दोन कोवळ्या जिवांचे दुर्दैव म्हणून येते. टिरोलच्या गावातही प्रेम असेच गावकीपुढे हरते, मृत्यूने शुद्ध होते आणि डोंगर होते तिथेच राहतात. कस्तुरी मरते, गाव मात्र बदलत नाही, उलट तिला देवी करून मोकळे होते. हिंदी सिनेमातले ते सुबक, चांदण्यातले, गाणारे खेडे पुढे आपण कित्येक वर्षे पाहिले. त्याच्या जडणघडणीत या म्युनिकच्या खेड्याचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

‘अछूत कन्या’च्याच वर्षी पुण्यात प्रभात फिल्म कंपनीने ‘संत तुकाराम’ केला. दामले-फत्तेलाल यांच्या देहूत धूळ आहे, विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांच्या अंगावर साधे धोतर आहे, आणि घरात पीठ नाही म्हणून कातावलेली आवली आहे. ते खेडे बोलीवर उभे आहे. ऑस्टेनचे खेडे प्रकाशावर. गंमत अशी की जर्मन अभिव्यक्तिवाद शोधायचा असेल तर तो मालाडपेक्षा प्रभातमध्ये अधिक सापडतो. 1933 मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी प्रभातचे दिग्दर्शक शांतारामबापू जर्मनीला गेले होते, आणि 1934 च्या ‘अमृतमंथन’मधला राजगुरूचा पडदा व्यापणारा डोळा हा खरा बर्लिनचा वारसा आहे. मालाडला जर्मन माणसे होती, पण बर्लिनची ती शैली उचलली प्रभातच्या मराठी माणसांनी.

1936 ची आणखी एक नोंद टाळता येत नाही. त्याच वर्षी ऑस्टेन नाझी पक्षाचा सभासद झाला. ज्यू आणि जर्मन यांच्या विवाहांना बंदी घालणारे न्यूरेंबर्ग कायदे होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. जातीमुळे तुटलेल्या प्रेमाची कथा चित्रित करणारा माणूस वंशामुळे प्रेमाला गुन्हा ठरवणाऱ्या पक्षात जातो, हे वाचून मन सुन्न होते. त्याला पडद्यावरचे आणि मायदेशातले यांत काही नाते दिसले की नाही, हे चित्रपटांतून कळत नाही; त्याच्या चित्रपटांत मला पक्षाचा प्रचारही आढळत नाही. पण म्हणून ही नोंद तळटीपेत ढकलणे अप्रामाणिक होईल. त्याच मुंबईत तेव्हा वॉल्टर कॉफमन हा प्रागहून आलेला ज्यू संगीतकार राहत होता आणि आकाशवाणीसाठी काम करत होता. पुढे 1939 मध्ये पटकथाकार विली हास जीव वाचवून इथे आला. एकाच शहराने दोन्ही बाजूंच्या माणसांना काम दिले.

सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारने मालाडच्या जर्मनांना अटक केली. ‘कंगन’ तेव्हा अपुरा होता. तो भारतीय साहाय्यकांनी पुरा केला, आणि त्याने लीला चिटणीस यांना देशभर पोचवले. दिग्दर्शक नसताना चित्रपट तडीस गेला आणि चाललाही, यापेक्षा मोठी दाद त्या शिकवणीला कोणती मिळणार? ज्ञान मुखर्जी, अमिय चक्रवर्ती, एन. आर. आचार्य ही त्या स्टुडिओतून पुढे आलेली माणसे, आणि 1943 चा ‘किस्मत’ त्याच शिस्तीचे फळ. वयामुळे सुटका होऊन ऑस्टेन जर्मनीला परतला. युद्धकाळात तो बाव्हेरिया या चित्रसंस्थेत नोकरी करत होता, पण पुन्हा महत्त्वाचा चित्रपट त्याच्या हातून झाला नाही. 1956 मध्ये बाड आयब्लिंग या गावी तो वारला.

विर्शिंग मात्र इथेच राहिला. नजरकैदेतून सुटल्यावर त्याने 1949 चा ‘महल’ चित्रित केला. ज्या सावल्यांचे श्रेय बॉम्बे टॉकीजच्या पहिल्या पर्वाला दिले जाते त्या खरे म्हणजे या चित्रपटात आहेत, ऑस्टेनने मालाड सोडल्यानंतर दहा वर्षांनी. ‘पाकीजा’चे काम अर्धवट असताना 1967 मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याने स्टुडिओत काढलेली हजारो छायाचित्रे कुटुंबाने जपली, आणि 2017 मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांतली निवडक लोकांसमोर आली. तेव्हा चर्चा पुन्हा सुरू झाली, पण ती मुख्यतः छायालेखकाची. ते योग्यच होते.

ऑस्टेनचा अभ्यास आज एका अडचणीत सापडतो. ‘प्रपंच पाश’ आणि ‘शिराझ’ लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने झळझळीत करून दिले आहेत. पहिल्याला नितीन सोहनी यांचे आणि दुसऱ्याला अनुष्का शंकर यांचे नवे संगीत आहे. बोलपटांच्या ज्या प्रती सामान्य रसिकाला सहज मिळतात त्या मात्र पांढऱ्या पडलेल्या, खरखरणाऱ्या आहेत, आणि ज्याचे सारे बळ प्रकाशात आहे अशा सिनेमाचा न्याय अशा प्रतीवरून करता येत नाही. जिथे चांगली प्रत मिळवता येईल तिथल्या मराठी फिल्म सोसायट्यांना एक विनंती आहे: ‘अछूत कन्या’ आणि ‘संत तुकाराम’ एकाच दिवशी, लागोपाठ दाखवा, आणि नंतर प्रेक्षकांना बोलू द्या.